घोरणारा बैल, गिमवी गाव आणि जन्माची जोडी

लग्नाच्या गाठी स्वर्गात बांधल्या जातात, असं आपल्याकडे म्हणतात. आज ज्या जोडप्याबद्दल लिहितोय त्याची गाठ यकृताच्या शिरेत बांधली जाते. तिथे नवरा-बायको भेटतात, नवरा बायकोला अक्षरशः पदरात (म्हणजे स्वतःच्या अंगाच्या पन्हाळीत) घेतो आणि मग दोघं मिळून रक्ताच्या प्रवाहाविरुद्ध चालत आपल्या कायमच्या घरी जातात. काडीमोड जवळजवळ नाहीच. संसार वर्षानुवर्षं चालतो. काही रोगी तर रोगाचा मुलूख सोडून तीस वर्षं झाल्यावरही ही जोडपी अंगात बाळगून असलेले सापडले आहेत. या किड्याचं नाव शिस्टोसोमा. मराठी पाठ्यपुस्तकी भाषेत रक्तातला पर्णकृमी.

आता औरंगाबादच्या (छत्रपती संभाजीनगरच्या) माणसाला हा विषय कुठून सुचला, असं नातेवाईक मंडळी विचारणारच. म्हणून आधी गावची गोष्ट सांगतो.

आमच्या शहरात किड्यांचा अभ्यास ही एक जुनी परंपरा आहे, हे फार थोड्या लोकांना माहीत असतं. १९५८ साली इथे मराठवाडा विद्यापीठ झालं (१९९४ पासून डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ). त्याच्या प्राणिशास्त्र विभागात प्रा. जी. बी. शिंदे आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी पट्टकृमींचा, म्हणजे आतड्यात राहणाऱ्या चपट्या फितीसारख्या जंतांचा, पिढ्यान्‌पिढ्या पाठपुरावा केला. गोदावरीतले मासे, खाटिकखान्यातल्या शेळ्यामेंढ्यांची आतडी, कोंबड्या... जिथे आतडं तिथे ही मंडळी. सापडलेल्या जंतांना त्यांनी नावंही आपल्या मुलखाची दिली. वाम माशातल्या एका पट्टकृमीचं नाव आहे सेंगा औरंगाबादेन्सिस (१९८०). दुसरा सेंगा गोदावरी, तिसरा सेंगा पैठणेन्सिस. गंमत बघा, २०२३ मध्ये शहराचं नाव अधिकृतपणे बदललं, पण प्राण्यांच्या नामकरणाचे आंतरराष्ट्रीय नियम असे आहेत की एकदा दिलेलं नाव गाव बदललं म्हणून बदलत नाही. त्यामुळे हा जंत जोवर स्वतंत्र जात म्हणून मान्य राहील तोवर 'औरंगाबादेन्सिस'च राहणार. :-)

'जोवर मान्य राहील' असं मुद्दाम म्हटलं. पुढे युरोपातल्या अभ्यासकांनी भारतातून वर्णन झालेल्या अशा बऱ्याच जातींवर शंका घेतल्या, एकाच किड्याला चार नावं दिली गेली आहेत असं दाखवलं. ते खरंही असेल. मी इथे प्राणिशास्त्रात बी.एस्सी. केलं तेव्हा 'किडे मोजणारे' अशी या विषयाची थट्टा चालायची. मला मात्र त्या काचपट्ट्यांवरच्या लालसर रंगवलेल्या जंतांनी एक गोष्ट कायमची शिकवली. पट्टकृमीच्या अंगाचा प्रत्येक मणका हा स्वतःपुरता पूर्ण संसार असतो. त्यात नराचे अवयवही असतात आणि मादीचेही. आतड्यात एकटा पडला तरी त्याचं काही अडत नाही. पर्णकृमींचंही बहुतेक तसंच. मेंढ्यांच्या यकृतातला पर्णकृमी घ्या, तोही उभयलिंगी.

आणि मग त्याच पर्णकृमींच्या कुळात हा एक शिस्टोसोमा निघतो, ज्याने नर वेगळा आणि मादी वेगळी केली. नुसती वेगळी केली नाही तर मादीचं सगळं मादीपण नराच्या हाती ठेवलं. ते कसं, हे कळायला माणसाला शंभर-दीडशे वर्षं लागली. त्याचीच ही हकिगत.

सुरुवात कैरोत. १८५१ साल. तिथल्या कसर-अल-ऐनी रुग्णालयात थिओडोर बिल्हार्झ नावाचा सव्वीस वर्षांचा जर्मन डॉक्टर शवविच्छेदनं करत होता. यकृताकडे जाणाऱ्या मोठ्या शिरेत त्याला पांढरे लांबट किडे दिसले. नीट पाहिल्यावर कळलं की जाडसर किड्याच्या पोटाकडच्या खोबणीत दुसरा दोऱ्यासारखा बारीक किडा आहे. जाड तो नर, बारीक ती मादी. बिल्हार्झने आपल्या गुरूंना, फॉन सीबोल्ड यांना पत्रांतून हे कळवलं. १८६२ मध्ये, वयाच्या सदतिसाव्या वर्षी, तो वारला. पुढे १८५८ मध्ये वाइनलांडने दिलेलं 'शिस्टोसोमा', म्हणजे 'चिरलेल्या अंगाचा', हे नाव रूढ झालं. चीर कसली, ती नराची पन्हाळ.

इजिप्तमध्ये मुलाच्या लघवीतून रक्त जाणं इतकं सर्रास होतं की ते वयात आल्याचं लक्षण मानत, असं सांगतात. हा रोग किती जुना असावा? १९१० मध्ये रफर या संशोधकाने तीन हजार वर्षांपूर्वीच्या ममींच्या मूत्रपिंडांत याच किड्याची अंडी दाखवली. अंडी हा शब्द लक्षात ठेवा मंडळी. कारण या रोगात किडा स्वतः फारसा त्रास देत नाही. तो शिरेत पडून रक्त पितो, शरीराच्या पहारेकऱ्यांना चकवतो. छळतात ती अंडी. आतड्याभोवती राहणाऱ्या जातीतली एक मादी दिवसाला सुमारे ३०० अंडी घालते. त्यातली निम्मीशिम्मी शरीराबाहेर पडतात. उरलेली यकृतात, मूत्राशयात, आतड्याच्या भिंतीत अडकतात आणि प्रत्येक अंड्याभोवती शरीर गाठ बांधत बसतं. वर्षानुवर्षं. यकृत दगडासारखं होतं, पोट फुगतं, मूत्राशयाचा कर्करोगही होऊ शकतो.

बाहेर पडलेलं अंडं पाण्यात गेलं की फुटतं, त्यातलं पिल्लू पाण्यातल्या विशिष्ट गोगलगाईत शिरतं, तिथे एकाचे हजारो होतात आणि शेपटीवाले होऊन पुन्हा पाण्यात येतात. पाण्यात उतरलेल्या माणसाच्या किंवा जनावराच्या कातडीतून ते थेट आत घुसतात. पाणी प्यायची गरज नाही, पाय बुडले तरी पुरे. हे सिद्ध कसं झालं ते वाचून मला फार मजा वाटली. जपानमध्ये १९०९ च्या सुमारास फुजिनामी आणि नाकामुरा यांनी रोगट भातखाचरांत जनावरं सोडली. काहींना मुसकी बांधली, म्हणजे पाणी तोंडात जाऊ नये. काहींचे पाय आणि अंग झाकून घेतलं. मुसकी बांधलेल्यांना रोग झाला, अंग झाकलेले वाचले. आपल्याकडे मळणीच्या वेळी बैलाला मुसकी बांधतात ती त्याने धान्य खाऊ नये म्हणून. तिकडे त्याच मुसकीने वैद्यकातला एक वाद मिटवला. जपानने पुढे गोगलगाईंचे चर सिमेंटने बांधून काढले, नवा रोगी १९७७ नंतर सापडला नाही.

हे सगळं परक्या मुलखातलं झालं. आता आपल्याकडे या.

आजोळी, पैठण तालुक्यात, आमच्या आबांच्या दावणीला पवळ्या नावाचा बैल होता. तो घोरायचा. झोपेत नव्हे, जागेपणी! रवंथ करत बसला की त्याचा आवाज ओसरीपर्यंत यायचा. आम्हा पोरांना भारी गंमत वाटायची. मामा म्हणायचा, 'पवळ्या बाजरीची पोती मोजतोय.' पण आबांना त्यात गंमत नव्हती. औताला जुंपल्यावर त्याला दम लागायचा, नाकातून शेंबूड आणि कधी रक्त यायचं, चार तासं झाली की तो थांबायचा. गुरांच्या डॉक्टरांनी नाकपुडी उघडून विजेरीच्या उजेडात दाखवलं होतं, आत फुलकोबीसारखी वाढ. त्यांनी सुया टोचल्या, थोडा उतार पडला, पावसाळ्यानंतर पुन्हा तेच. शेवटी पवळ्या बाजारात गेला आणि घोरणाऱ्या बैलाला जी किंमत यायची ती आली. त्या वर्षी रब्बीला आबांनी शेजाऱ्याचा बैल इर्जिकीवर घेतला. तळ्यात त्याच पाण्यात डुंबणाऱ्या म्हशींना मात्र काही म्हणजे काही झालं नाही.

त्या घोरण्याचं नाव शिस्टोसोमा नेझाले. हा शोध भारतातच लागला. मुक्तेश्वरच्या (तेव्हाचं मुक्तेसर) सरकारी पशुवैद्यक प्रयोगशाळेत दत्ता यांनी १९३२ मध्ये बैलांच्या नाकातल्या गाठींचं मूळ शिस्टोसोमा जातीच्या किड्यात आहे हे दाखवलं आणि १९३३ मध्ये मद्रासकडे एम. ए. एन. राव यांनी नाकाच्या शिरांतून प्रत्यक्ष किडे काढून त्यांचं वर्णन केलं. त्याआधी १९०६ मध्ये मुक्तेश्वरलाच माँटगोमेरी यांनी भारतातल्या गुराढोरांतल्या आणखी दोन जाती नोंदवल्या होत्या. नेझालेचं अंडं बुमरँगसारखं वाकडं असतं. बैल पाण्याला तोंड लावतो, फुरफुरतो, शेंबडाबरोबर अंडी तळ्यात पडतात. तळ्यात इंडोप्लॅनॉर्बिस नावाची, चकलीसारखी गुंडाळलेली तपकिरी गोगलगाय असते. आपल्या प्रत्येक डबक्यात, पाझर तलावात, चारीत ती दिसेल. पुढचं चक्र वर सांगितलंच. आणि म्हशीला काही होत नाही याचा अर्थ तिच्यात किडा नाही असा नव्हे. तिच्या नाकात गाठी फारशा होत नाहीत, पण अंडी तीही टाकते. म्हणजे म्हैस तळं रोगट ठेवते आणि भोगतो बैल.

पवळ्याला टोचलेलं औषध अँटिमनीचं असणार. या रोगावर गुरांना तेच देत. त्या औषधाचाही मोठा इतिहास आहे. १९१८ मध्ये क्रिस्टोफरसन यांनी सुदानमध्ये खार्टूमला टार्टर एमेटिक नावाचा अँटिमनीचा क्षार शिरेतून देऊन माणसांतला हा रोग बरा होतो असं दाखवलं. विषारीच औषध, पण दुसरं होतं काय? इजिप्तने १९५० च्या दशकापासून गावोगावी त्याच्या सुया टोचल्या, लाखो लोकांना. सुया नीट उकळल्या जात नसत. त्यातून हिपॅटायटिस सी हा यकृताचा विषाणू पसरला आणि पुढे इजिप्त जगातल्या सर्वाधिक हिपॅटायटिस सी असलेल्या देशांपैकी एक झाला. एका यकृतरोगातून सोडवायला जाऊन दुसरा पदरात पडला. १९८० च्या दशकात तिथे प्राझिक्वांटेल ही तोंडाने घ्यायची गोळी आली तेव्हा सुया थांबल्या. आजही माणसांसाठी मुख्य औषध हे एकच. ते मोठे किडे मारतं, कोवळ्या किड्यांवर फारसं चालत नाही आणि पाण्यात पुन्हा उतरलं की पुन्हा लागण होतेच. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२१ मध्ये २५ कोटींहून जास्त लोकांना या रोगावर प्रतिबंधक उपचारांची गरज होती. २५ कोटी माणसं आणि औषध एक. उद्या किडा त्या औषधाला सरावला तर?

भारतात माणसांना हा रोग नाही असं पुस्तकात वाचून आपण पुढचं पान उलटतो. पण तिथे एक तळटीप असते आणि त्या तळटिपेत महाराष्ट्र असतो. १९५२ मध्ये आर. के. गाडगीळ आणि एस. एन. शाह या दोघांनी इंडियन जर्नल ऑफ मेडिकल सायन्सेसमध्ये लिहिलं की तेव्हाच्या मुंबई राज्यात, रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवी या गावी (गुहागर तालुका) माणसांतल्या शिस्टोसोमाचं स्थानिक केंद्र सापडलं आहे. आफ्रिकेहून किंवा अरबस्तानाहून रोग घेऊन आलेले प्रवासी मुंबईला अधूनमधून दिसत. पण हे गावातच, गावच्या पाण्यातून लागलेलं होतं. लघवीत रक्त आणि टोकाला काटा असलेली अंडी. १९५५ मध्ये त्यांनी पुढचा भाग लिहिला, त्यात गोगलगाय होती फेरीसिया टेन्युइस, दगडाला चिकटून राहणारी, टोपीसारख्या शिंपल्याची, डोळ्याला जेमतेम दिसणारी.

हे वाचून जगातले शहाणे चक्रावले, कारण आफ्रिकेत हा किडा वेगळ्याच गोगलगाईत वाढतो आणि ती आपल्याकडे नाही. मग गिमवीत आला कुठून? जनावरांच्याच एखाद्या जातीने माणसाकडे मोर्चा वळवला होता का? १९९० मध्ये साउथगेट आणि अग्रवाल यांनी पॅरासिटॉलॉजी टुडेमध्ये लेख लिहिला, त्याच्या शीर्षकातच प्रश्नचिन्ह होतं. जबलपूरच्या एम. सी. अग्रवाल यांनी तर उभं आयुष्य भारतातल्या शिस्टोसोमांमागे घालवलं आणि २०१२ मध्ये त्यावर अख्खा ग्रंथ लिहिला. १९९१ मध्ये गिमवीतल्या लोकांच्या रक्ततपासणीचा अभ्यासही छापून आला, म्हणजे शोधानंतर चाळीस वर्षांनीही लोक तिथे जाऊन शोधत होते.

मला या दोन डॉक्टरांबद्दल फार आदर वाटतो. कोकणातल्या गावात पोराच्या लघवीत रक्त दिसलं की 'मुतखडा असेल', 'उष्णता झाली' म्हणून काढा देऊन मोकळं होणं किती सोपं होतं! यांनी लघवी सूक्ष्मदर्शकाखाली घातली आणि 'भारतात नाही' असं पुस्तक म्हणत असताना जे दिसलं ते लिहिलं. तेवढ्यावर न थांबता ओढ्यात उतरून गोगलगायही शोधली. आमच्या विभागातले किडे मोजणारे आणि हे दोघे एकाच घराण्यातले. आधी बघायचं, नाव द्यायचं, मग पुढचं.

आता त्या जोडप्याकडे. अंडी हीच सगळ्या दुखण्याची जड असेल, तर प्रश्न असा की मादी अंडी घालते ती कशाच्या जोरावर?

१९२८ मध्ये सेव्हरिंगहाउस यांनी एक चतुर प्रयोग छापला. एका गोगलगाईत एकच पिल्लू सोडलं तर त्यातून निघणारे सगळे शेपटीवाले एकाच लिंगाचे असतात, सगळे भाऊ नाहीतर सगळ्या बहिणी. तेव्हा उंदराला नुसत्या बहिणींची लागण करता येते. तशी केली. बहिणी जगल्या, पण खुरटलेल्या राहिल्या. अंडाशय कच्चा, अंड्याला लागणारा बलक तयार करणाऱ्या ग्रंथी नाहीतच जणू. नर भेटल्याशिवाय मादी वयातच येत नाही! नंतरच्या प्रयोगांत असंही दिसलं की वयात आलेल्या मादीला नरापासून काढून दुसऱ्या जनावरात ठेवलं तर ती पुन्हा आक्रसते. परत नर दिला की पुन्हा भरून येते. सासूबाईंना वाटेल ही कोणती आदर्श पतिव्रता, पण प्रकार निव्वळ रसायनाचा आहे.

पहिला संशय अर्थातच वीर्यावर. तो १९८४ मध्ये पोपिएल आणि बाश यांनी मोडून काढला. त्यांनी नराचे तुकडे केले आणि मादीला नुसता तुकडा दिला. वृषण नसलेला तुकडाही चालला. आणि खरी कमाल म्हणजे मादीचा जेवढा भाग त्या तुकड्याला टेकलेला होता तेवढ्याच भागात बलकग्रंथी वाढल्या, बाकीचं अंग कोरं. म्हणजे निरोप अंगाला अंग लागून जातो, लांब जात नाही. पण निरोप काय, तो पाठवतो कोण आणि घेतो कोण?

घेणाऱ्याच्या बाजूचं काम मुख्यतः जर्मनीत झालं. ख्रिस्तोफ ग्रेव्हेल्डिंग यांच्या गटाने (आधी ड्यूसलडॉर्फ, मग गीसेन) मादीच्या पेशींतले निरोप्ये शोधले. हे निरोप्ये म्हणजे कायनेज नावाची विकरं. विकर म्हणजे पेशीतला कारागीर, आणि कायनेज हा असा कारागीर की जो दुसऱ्या प्रथिनाला फॉस्फेटचा बिल्ला लावतो. बिल्ला लागला की ते प्रथिन कामाला लागतं किंवा काम थांबवतं. एकाने दुसऱ्याला, दुसऱ्याने तिसऱ्याला, अशी ही साखळी पेशीच्या दारापासून केंद्रकापर्यंत जाते. शिस्टोसोमाच्या जननेंद्रियांत त्यांना यातलं 'सार्क' कुळातलं विकर सापडलं (आपल्या शेजारी राष्ट्रांच्या संघटनेशी काही संबंध नाही!). माणसात हेच कुळ कर्करोगाच्या संशोधनातून माहीत झालं. त्यावरच्या कामासाठी बिशप आणि व्हार्मस यांना १९८९ चं नोबेल मिळालं. जर्मन गटाने हे विकर रोखणारं हर्बिमायसिन हे रसायन किड्यांवर टाकलं. मादीतलं पेशींचं विभाजन मंदावलं, अंडी कमी झाली. नर कुशीत असतानाही!

मग साहजिकच डोक्यात आलं, कर्करोगाची जी तयार औषधं कायनेज रोखतात ती इथे चालतील का? इमॅटिनिब आठवतंय? रक्ताच्या एका कर्करोगावरची, ग्लिव्हेक नावाने गाजलेली गोळी. जिच्या पेटंटचा खटला आपल्या सर्वोच्च न्यायालयात १ एप्रिल २०१३ ला कंपनीच्या विरोधात गेला. बेकमान आणि ग्रेव्हेल्डिंग यांनी २०१० मध्ये दाखवलं की काचेच्या बशीत इमॅटिनिब या किड्यांना मारतं. जोड्या सुटतात, जननेंद्रियं आणि आतडं बिघडतं, किडा मरतो. काय आनंद झाला असेल! पण जनावराच्या अंगात तसा परिणाम दिसेना. कारण त्याच गटाने २०१४ मध्ये स्वतःच शोधून छापलं: रक्तातली काही प्रथिनं हे औषध धरून ठेवतात, किड्यापर्यंत पुरेसं पोचूच देत नाहीत. बशीत जिंकलेली लढाई रक्तात हरली. पण आपलीच हार आपणच मोजून छापणं हेही मला त्या गिमवीच्या दोघांसारखंच वाटतं.

निरोप पाठवणारा कोण, हे मात्र २०२२ पर्यंत गुपित होतं. त्या वर्षी 'सेल' या नियतकालिकात अमेरिकेतल्या डॅलसहून रुई चेन, जिपेंग वांग, जेम्स कॉलिन्स आणि सहकाऱ्यांचा लेख आला. त्यांना नरामध्ये एक विकर सापडलं, जे मादी कुशीत आल्यावरच मोठ्या प्रमाणात तयार होतं. हे विकर मोठ्या विचित्र जातीचं. पेशीत छोटी-मोठी प्रथिनं बनवायचा रिवाज असा की जनुकाची चिठ्ठी वाचून रायबोसोम ती विणतात. पण काही जीवाणू आणि बुरशी यांच्याकडे चिठ्ठी न वाचता थेट कडी जोडणारी विकरं असतात; पेनिसिलिनची सुरुवात अशाच विकराने होते. तसलं विकर या किड्यात! ते काय करतं, तर बीटा-अ‍ॅलॅनिन आणि ट्रिप्टामिन हे दोन साधे रेणू एकमेकांना जोडतं. बस. तयार झाला तो जोडरेणू, बीटा-अ‍ॅलॅनिल-ट्रिप्टामिन, हाच तो निरोप.

तपासणी त्यांनी दोन्ही बाजूंनी केली. आधी नरातलं ते विकर बंद पाडलं. नर धडधाकट, मादीला कुशीत घेऊन बसलेला, पण मादी खुरटलेलीच. मग उलट केलं. नराला हाकलून दिलं आणि कुमारी माद्यांच्या बशीत नुसता कृत्रिम बनवलेला जोडरेणू टाकला. माद्या वयात आल्या, अंडी घालू लागल्या. (अंडी अर्थात अफलित, बापाविना.) म्हणजे इतक्या वर्षांच्या त्या अखंड मिठीचं काम, निदान या बाबतीत, एका चिमूटभर रसायनाने भागलं.

हे वाचलं त्या रात्री मी बराच वेळ जागा होतो. सेव्हरिंगहाउस ते चेन-कॉलिन्स, चौऱ्याण्णव वर्षं. मधल्या प्रत्येकाने एक-एक पाऊल टाकलं. नर लागतो, वीर्य लागत नाही, स्पर्श लागतो, मादीत कायनेजची साखळी हलते, नरात एक विकर जागं होतं. यातल्या प्रत्येक पायरीवर कोणीतरी म्हणालं असेलच, 'किड्याच्या संसारात डोकं घालून काय मिळणार?'

मिळणार ते असं. आजवरची सगळी औषधं किडा मारायला बघतात. पण रोग अंड्यांचा आहे. मादी वयातच आली नाही, किंवा आलेली परत खुरटली, तर किडा जिवंत राहूनही निम्म्याहून जास्त लढाई संपते. यकृत दगड होणार नाही, शिवाय शेणातून, लघवीतून, शेंबडातून पाण्यात अंडी जाणार नाहीत, म्हणजे पुढच्या माणसाला आणि बैलालाही लागण नाही. आणि हे विकर माणसाच्या अंगात नसल्यामुळे त्याच्यावर नेम धरला तर आपली पेशी मध्ये सापडण्याची भीती कमी. कायनेजच्या बाबतीत ती भीती मोठी, कारण ती विकरं आपल्यातही आहेत. गोळी अजून कुणाच्या हातात नाही, आणि इमॅटिनिबची गोष्ट ताजी असताना उगाच ढोल वाजवण्यात अर्थ नाही. शिवाय हे अलीकडचं काम शिस्टोसोमा मॅन्सोनी या आफ्रिका आणि दक्षिण अमेरिकेतल्या जातीवर झालं आहे. आपल्या घोरणाऱ्या बैलाची जात जवळच्या नात्यातली, तरी वेगळी. आणि बैलाच्या औषधावर कोण किती पैसा लावणार, हा प्रश्न आहेच. जो रोग गरिबाला होतो त्याचं औषध उशिरा निघतं आणि जो गरिबाच्या बैलाला होतो त्याचं त्याहून उशिरा.

आता तर बैलच कमी झालेत. आजोळी औत ट्रॅक्टरवर गेलं, दावणीला दोन म्हशी उरल्या. नाथसागर १९७६ मध्ये भरू लागला तेव्हापासून कालवे, चाऱ्या आणि पाझराचं पाणी तालुकाभर आहे, आणि त्या पाण्यात चकलीसारखी तपकिरी गोगलगाय आहेच. भात लावणाऱ्या किंवा मासे धरणाऱ्या लोकांच्या पायाला पाण्यातून आल्यावर जी खाज सुटते, तिच्यातली काही गुरांच्या याच किड्यांच्या पिल्लांमुळे असते; ती माणसाच्या कातडीत घुसतात आणि चुकीच्या घरात शिरल्यामुळे तिथेच मरतात. बहुतेक वेळा मरतात. गिमवीचं कोडं आठवलं की मला हे 'बहुतेक' जरा टोचतं.

असो. लेख लांबला. जाता जाता एक मागणं आहे. घोरणाऱ्या बैलाच्या या दुखण्याला आमच्याकडे नुसतं 'घोरतंय' म्हणायचे. तुमच्या भागात याला काही खास नाव आहे का? कोकणात, विदर्भात, खाली लातूर-बीदरकडे? जुन्या माणसांना विचारा आणि कळवा. मामा, तुलाही सांगतोय, पवळ्याला पहिल्यांदा कोणत्या तळ्यावर नेलं होतं ते आठवत असेल तर फोन कर. औतं जातील तसे हे शब्दही जातील, आणि रोग मात्र तळ्यात राहील.